गुरुजींच्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर

आमच्या दुकानात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच होते. दुकान परतूरला, स्टेशनवरून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर, एका आडतीच्या आणि एका चपलांच्या दुकानामध्ये दाबून बसवल्यासारखं. दादा, म्हणजे माझे वडील, तिथे रेडिओ दुरुस्त करायचे. पुढे टेपरेकॉर्डर आले, टीव्ही आले, तेही ते करायला लागले. पण पाटीवर शेवटपर्यंत 'रेडिओ' एवढंच लिहिलेलं राहिलं. गिऱ्हाइकं त्यांना मिस्तरी म्हणायची.

मी तिथे फक्त सुट्टीत असायचे. पाचवीपासून जालन्याला मामाकडे राहून मी इंग्रजी शाळेत शिकले आणि पुढे तिथल्याच कॉलेजात बी.एस्सी.ला गेले. शाळेत कुणी वडील काय करतात असं विचारलं, तर मी 'ही इज इन इलेक्ट्रॉनिक्स' म्हणायचे. ते खोटं नव्हतं. पण पहिल्यांदा म्हणण्याआधी ते वाक्य मी मामाच्या घरी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं.

सुट्टीत दादा मला दुकानात बोलवायचे. मी मागच्या बाजूला, जुन्या सेटांच्या रिकाम्या पेट्यांशेजारी पुस्तक घेऊन बसायचे. माणसांशी बोलायचं म्हटलं की माझे हात गार पडायचे, पण माणसांकडे बघायला मला आवडायचं. बिघडलेला रेडिओ घेऊन येणारा माणूस तो काउंटरवर कसा ठेवतो, त्यावरून तो घरात कुठे ठेवला जातो ते कळायचं. काही जण पिशवीतून काढून आपटायचे. गुरुजी त्यांचा सेट टॉवेलात गुंडाळून आणायचे आणि टॉवेल आधी सोडवून, घडी करून, मग त्या घडीवर सेट ठेवायचे.

गुरुजी परतूरपासून सात-आठ किलोमीटरवरच्या खेड्यात राहायचे. प्राथमिक शाळेतून रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. दुकानात शिरताना ते "जयभीम, मिस्तरी" म्हणायचे. दादा हातातलं काम बाजूला ठेवून "जयभीम, गुरुजी" म्हणायचे आणि स्टूल पुसून द्यायचे. सेट व्हॉल्व्हचा, म्हणजे आत बल्बसारख्या काचेच्या नळ्या असलेला होता, जुना, लाकडी पेटीचा, पुढे कापड लावलेला. चालू केल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागायचं. असे सेट तोवर जवळपास सगळ्यांनी टाकून दिले होते. गुरुजींच्या मुलानेही त्यांना हातात मावणारा नवा ट्रान्झिस्टर आणून दिला होता.

"त्यो कानात मच्छर शिरल्यावाणी वाजतो," गुरुजी म्हणायचे. "दिला सुनेला. चुलीपाशी वाजून राह्यलाय."

खरं कारण वेगळं होतं. गुरुजींना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं आणि डाव्याने कमी यायचं. म्हणून ते रेडिओ हाताने ऐकायचे. पेटीच्या वरच्या फळीवर तळहात टेकवायचा, डावा कान पुढच्या कापडाकडे करायचा. मोठ्या स्पीकरमुळे फळी थरथरायची. त्या थरथरीने अर्धं आणि कानाने अर्धं, असं मिळून त्यांचं ऐकणं पूर्ण व्हायचं. "बातम्या सांगणारी बाई हाय का बाप्या, हे मला आधी हाताला कळतं," असं एकदा ते दादांना म्हणाले होते. रोजच्या बातम्या, शेतीचा कार्यक्रम, रविवारी नाटक. वर्तमानपत्र त्यांच्या गावात दुपारी यायचं, तोवर सगळ्या बातम्या गुरुजींनी पारावर सांगून झालेल्या असायच्या.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत ते सेट घेऊन आले. बातम्या ऐकता ऐकता तो एकदम मुका झाला होता.

"मंग काय केलं?" दादांनी विचारलं.

"काय करणार? हाताला थरथर लागंना, तसं बटण बंद केलं."

"जल्दी बंद केला म्हून वाचला गुरुजी. चालूच ठेवला असता तं व्हॉल्व्हनं आतल्या आत जाळून घेतलं असतं सोताला. आणि ह्यो व्हॉल्व्ह आता पैसे दिले तरी मिळत न्हाई."

दादांनी पाठीमागची फळी काढली. आऊटपुट ट्रान्सफॉर्मर गेला होता. हा लोखंडी पट्ट्यांचा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा ठोकळा असतो. त्याच्या एका बाजूला केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात, दुसऱ्या बाजूला जाड तारेचे थोडे. बारीक बाजू व्हॉल्व्हला जोडतात, जाड बाजू स्पीकरला. व्हॉल्व्हचं आणि स्पीकरचं एकमेकांशी थेट जमत नाही. हा मधे बसून त्यांचं जमवतो. पण त्यासाठी तो त्या व्हॉल्व्हचा आणि त्या स्पीकरचा असावा लागतो. गेलेल्या ठोकळ्यासारखा नवा ठोकळा बाजारात मिळण्याचे दिवस संपले होते. दादांकडे पत्र्याचा एक डबा होता, त्यात मोडक्या सेटांमधून काढलेले पंधरा-वीस ठोकळे होते. बहुतेकांवरचे कागद उडाले होते. त्यातून जोडीचा निवडायचा.

दादांची निवडायची रीत त्यांना जालन्याच्या त्यांच्या उस्तादांनी शिकवली होती. व्हॉल्व्हची वात तापवायला सेटमध्येच सहा व्होल्टची एक तार असते. ती सहा व्होल्टची वीज ठोकळ्याच्या जाड बाजूला द्यायची आणि बारीक बाजूच्या टोकाला लाइटचा टेस्टर लावायचा, ज्याच्या दांड्यात इवलासा दिवा असतो. घरातल्या प्लगच्या भोकात टेस्टर घातल्यावर पेटतो तसा तो पेटला, तर ठोकळा घ्यायचा. मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर डब्यात परत. का, ते दादांना सांगता येत नव्हतं. उस्तादांनीही सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी चौथ्या का पाचव्या ठोकळ्याला टेस्टर भक्कन पेटला. दादा खूश झाले. "मिळाला गुरुजी," म्हणाले आणि तारा डागायचं सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

मी इतका वेळ मागे बसून बघत होते. मी का उठले ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. कॉलेजात नुकतंच शिकवलं होतं की, जिथून शक्ती येते तिथला रोध आणि जिथे ती जाते तिथला रोध सारखा असला, तर सगळ्यात जास्त शक्ती पोचते. ते मला फार आवडलं होतं. परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले होते. आणि टेस्टरने ठोकळा निवडणं मला, खरं सांगायचं तर, नारळाला टिचकी मारून पाणी ओळखण्यासारखं वाटलं.

मी दादांचं मीटर घेतलं. काळं, काट्याचं, जड. ते उस्तादांनी दुकान बंद करताना दादांना दिलेलं होतं. स्पीकरच्या पाठीवर त्याचा रोध इंग्रजीत छापलेला होता, तीन ओहम. मी दादांनी निवडलेल्या ठोकळ्याच्या जाड बाजूला मीटर लावलं. काटा जवळजवळ शून्यावर गेला.

"दादा, हा तर शॉर्ट आहे."

"शॉर्ट न्हाई बाई. जाड तार हाय, म्हून तसं दाखवतंय."

"स्पीकर तीन ओहमचा आहे. ही बाजूपण तीनची पाहिजे. मॅचिंग म्हणजे दोन्हीकडे सारखं."

दादांनी सोल्डरिंग आयर्न परत स्टँडवर ठेवलं. "आसं हाय का पुस्तकात?"

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी गुरुजींकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला तेव्हाही कळलं होतं. "बी.एस्सी. करून राह्यली," ते गुरुजींना म्हणाले, थोडं मोठ्याने, कारण गुरुजींना कमी ऐकू येत होतं, आणि केवळ तेवढ्यासाठी नाही.

मग त्यांनी खणातून एक पुस्तिका काढली. व्हॉल्व्हच्या कंपनीची होती, पानं पिवळी पडलेली, सगळी इंग्रजीत. दादा तिच्यातल्या फक्त आकृत्या बघायचे. "ह्याच्यात बघतीस का? ह्या व्हॉल्व्हचं पान हाय ह्याच्यात."

मी पान उघडलं. बारीक टाइपात आकड्यांचे दोन तक्ते होते. मी ते वाचले नाहीत. वाचल्यासारखे वर-खाली बघितले आणि म्हणाले, "ह्यात ह्याचं काही नाही."

ही गोष्ट लिहायची ठरवली तेव्हा वाटलं होतं की, चुकीचा ठोकळा निवडला तिथे मला सगळ्यात जास्त लाज वाटेल. तसं नाही. एकोणिसाव्या वर्षी अर्धवट शिकलेलं माणूस चुकतं. पण त्या दुकानात ते पान वाचता येणारी मी एकटी होते, आणि मी ते वाचलं नाही.

डब्यातले ठोकळे मी एकेक करून मीटरला लावले. एकाची जाड बाजू बरोबर तीनवर आली, तशी मी थांबले. तो भोंग्याच्या जुन्या मशीनमधून निघालेला होता असं दादा म्हणाले. जाड बाजू म्हणायची, पण तिची तारही बारीकच होती.

"मंग हाच बसव," दादा म्हणाले. "तूच बसव."

त्यांनी टेस्टर खिशात ठेवला. आपण निवडलेल्या ठोकळ्याला लाल दोरा बांधला आणि तो डब्यात न टाकता फळीवर वेगळा ठेवला. मी सोल्डर केलं. माझे तारांचे सांधे दादांसारखे चकचकीत झाले नाहीत, पण धरले. गुरुजी चहा पीत बघत होते. चार घंटे झाले होते त्यांना येऊन.

सेट चालू केला. व्हॉल्व्ह तापले. आवाज आला, पण पातळ, लांबून कुणी पत्र्याच्या डब्यातून बोलावं तसा. दादांनी व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवला. गुरुजींनी तळहात फळीवर ठेवला, डावा कान पुढे केला. मग हात उचलून दुसऱ्या जागी ठेवला.

"मिस्तरी, जरा लहान येऊन राह्यलाय का?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी विचारलं असतं तर कदाचित मी परत बघितलं असतं. पण ते न बोलता बघत राहिले आणि मला वाटलं, आता सगळे माझ्याकडे बघतायत.

"सेट बरोबर आहे गुरुजी," मी म्हणाले. "मी मीटरवर पाहिलंय. तुम्हालाच कमी ऐकू येत असेल."

जालन्याच्या शाळेत शिकलेल्या स्वच्छ मराठीत म्हणाले. दादा लगेच खाली वाकून सांडलेलं सोल्डर गोळा करायला लागले. तिथे काहीही सांडलेलं नव्हतं.

गुरुजी मात्र हसले. "आसंल, आसंल. वय झालं आता. शिकलेलं लेकरू मीटर बघून सांगून राह्यलं, म्हंजे तसंच आसंल." त्यांनी सेट टॉवेलात गुंडाळला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लई शिक," म्हणाले.

ते गेल्यावर दादा म्हणाले, "मला बी लहानच वाटला आवाज."

"तुम्हाला सवय झालीय मोठ्या आवाजाची," मी म्हणाले आणि पुस्तक उघडलं.

नाताळच्या सुट्टीत मी परत परतूरला आले. त्या दिवशी गुरुजींची सून दुकानात आली. सेट त्याच टॉवेलात होता, पण तिने तो काखेत मारून आणला होता आणि काउंटरवर ठेवताना टॉवेल काढला नाही. मी मागे पेट्यांपाशी बसले होते.

"घ्या मिस्तरी. आता ह्याचं काय करायचं ते करा."

"काय झालं ताई?"

"काय न्हाई झालं ते इचारा." ती स्टुलावर बसली. "दिवाळीला तुमच्याकडून आणला, तवापासून मामंजीचं बोलणंच कमी झालं. इचारलं तं म्हणले, सेट बराबर हाय, माझे कान गेले. आम्ही जालन्याला नेलं कानाच्या डॉक्टरकडं. त्यानं मळ काढला, पिचकारी मारली आणि म्हणला, वय झालं. मंग तं त्यांनी पारावर जाणंच सोडलं. म्हणले, चार माणसांत बसून काय करू, ऐकू येत न्हाई. नातीची पाटी घेऊन बसले. जे सांगायचं ते पाटीवर लिहा म्हणले."

दादा टॉवेलाची गाठ सोडवत होते. त्यांची बोटं थांबली.

"आणि परवा वेचणीला गेल्तो आम्ही समदे. चार वाजता आले तं घरात जळका वास. बघते तं मामंजी आपले सेटवर हात ठेवून बसलेले. डायलचा दिवा लागलेला, आवाज काहीच न्हाई. मी वरडले, आहो जळून राह्यलंय! त्यांना काय वाटावं? म्हणतेत, न्हाई, हळू वाजून राह्यलाय, हाताला लागतंय."

सेटच्या आत लाइटचा एक वेगळा मोठा ट्रान्सफॉर्मर असतो. तो नुसता चालू असला तरी हलकासा गुणगुणतो. गुरुजींच्या हाताला ती गुणगुण लागत होती. तिच्यावर हात ठेवून ते किती वेळ, कदाचित किती दिवस, बसले असतील ते कुणालाच माहीत नव्हतं.

दादांनी फळी काढली. मी सोल्डर केलेला ठोकळा काळा पडला होता, त्याच्या कागदाची राख झाली होती. त्याची बारीक तार त्या व्हॉल्व्हची वीज वाहण्यासाठी नव्हतीच. जितके दिवस टिकली तितके दिवस टिकली. ती तुटली आणि सेट चालूच राहिला. दादांनी व्हॉल्व्ह काढून उजेडात धरला. काच आतून काळी झाली होती आणि आतली जाळी वाकून वितळली होती.

"तुमचं काम आसं कधीच नसतंय मिस्तरी," सून म्हणाली. "ह्या बारीला काय झालं?"

"माझ्याकडून चूक झाली ताई. घाईत चुकीचा बसवला."

"घाईत? मामंजी तं म्हणत व्हते चार घंटे बसवलं तुम्ही त्यांना."

दादांनी काळा व्हॉल्व्ह फळीवर ठेवला. मी उठून पुढे यायला हवं होतं. मध्ये तीन पावलं होती. सुनेची नजर माझ्याकडे गेली.

"ही का तुमची जालन्याची लेक? मामंजी लई नाव काढतेत हिचं. समद्या गावाला सांगून झालं, मिस्तरीची पोरगी इंग्रजीतून शिकून राह्यली, मीटर लावून बघती म्हणून."

मी हसले. म्हणजे तोंड तसं झालं.

ती गेल्यावर दादांनी माझा जळका ठोकळा सोडवला. त्याच्या जाड बाजूला सहा व्होल्ट दिले, कारण ती बाजू अजून शाबूत होती, आणि दुसरीकडे टेस्टर लावला. पेटला नाही. जळलेला असल्यामुळे पेटणारच नव्हता. त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. मी ते म्हणणारही होते. पण दादांनी लगेच डब्यातून भोंग्याच्या मशीनचाच दुसरा, अगदी तसाच, धड ठोकळा काढला आणि त्याला लावलं. टेस्टर नुसता लाल ठिपका दाखवून विझला. मग त्यांनी फळीवरचा लाल दोऱ्याचा घेतला. टेस्टर भक्कन पेटला. ते मला दाखवण्यासाठी करत होते की स्वतःला, ते कळलं नाही. तो ठोकळा त्यांनी परत फळीवर ठेवला. आता त्याचा उपयोग नव्हता, व्हॉल्व्हच उरला नव्हता.

त्या दुपारी मी माझं कॉलेजचं पुस्तक काढलं. ट्रान्सफॉर्मरचा धडा पुढे होता, आम्हाला अजून शिकवलेला नव्हता. त्यात सगळं होतं. वेढ्यांचं प्रमाण, त्याचा वर्ग. लाल दोऱ्याच्या ठोकळ्यावर टेस्टर घरातल्या विजेसारखा पेटला होता; म्हणजे सहा व्होल्टचे बारीक बाजूला जवळपास अडीचशे झाले, चाळीस पट. चाळीस चाळीसा सोळाशे, त्याला तीन ओहमने गुणलं की अठ्ठेचाळीसशे. मग मी दादांची पिवळी पुस्तिका उघडली. त्याच पानावर, दुसऱ्या तक्त्यात, तिसऱ्या ओळीत, ह्या व्हॉल्व्हला किती ओहमचा भार हवा ते छापलेलं होतं. पाच हजार. उस्तादांनी पुस्तिका न वाचता, टेस्टरच्या दिव्यावरून दादांना तेच शिकवलं होतं. आणि मी मीटरने मोजत होते ती नुसती तारेची जाडी-बारकाई होती. आवाजाशी तिचा संबंध नव्हता.

दादांना मी हे सांगितलं नाही. तुमचं बरोबर होतं, एवढंही म्हणाले नाही.

व्हॉल्व्हसाठी दादा औरंगाबादला जाऊन आले. तिथल्या दुकानदाराने व्हॉल्व्ह हातात घेऊन विचारलं, हे कुठे सापडलं तुम्हाला? शेवटी दादांनी गुरुजींच्या पेटीतलं जुनं सगळं काढलं आणि आत एका टेपच्या डेकचं अ‍ॅम्प्लिफायर आणि एका ट्रान्झिस्टरचा रेडिओ बसवला. पेटी तीच, कापड तेच, स्पीकर तोच तीन ओहमचा. डायलच्या मागे त्यांनी एक छोटा दिवा लावला. असं काम त्यांना आवडत नसे. मढं सजवणं म्हणायचे ते त्याला. सगळं ते एकटे करत होते. मी काही हातात घेतलं नाही आणि त्यांनी घे म्हटलं नाही.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "चल माझ्यासोबत गुरुजीकडं. सेट देऊन येऊ." त्यांनी पिशवीत हत्यारं टाकली, मीटर टाकलं.

एस.टी.त सेट माझ्या मांडीवर होता. गुरुजींचं घर सिमेंटचं, दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्याखाली एक रिकामी फळी, क्रोशाचं कापड घातलेली. गुरुजी पडवीत बसले होते, मांडीवर पाटी होती. सुनेने त्यांच्या पुढ्यात जाऊन पाटीवर खडूने लिहिलं, 'मिस्तरी आले.' त्यांनी वर बघितलं. एवढ्या थोड्या दिवसांत माणूस इतका गप्प दिसू शकतो हे मी पहिल्यांदा बघितलं.

"जयभीम, गुरुजी," दादा म्हणाले. नेहमीच्या आवाजात.

"जयभीम, जयभीम. बसा." आणि मग गुरुजी जरा चमकून म्हणाले, "तुमचं आलं ऐकू. तुम्ही मोठ्यानं बोलता ना."

"न्हाई गुरुजी. मी नेहमीसारखंच बोललो."

दादांनी सेट फळीवर ठेवला, वायर लावली. व्हॉल्व्ह नव्हते, त्यामुळे थांबावं लागलं नाही; बटण फिरवल्याबरोबर शेतीचा कार्यक्रम सुरू झाला, कपाशीवरच्या फवारणीबद्दल कुणीतरी सांगत होतं. गुरुजी उठले. तळहात फळीवर ठेवला. काढला नाही. कार्यक्रमातला माणूस काहीतरी बोलला आणि गुरुजी म्हणाले, "बाप्या हाय."

सून दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

"गुरुजी," दादा म्हणाले, "कान तुमचे व्हते तसेच हायत. बिलकुल काही झालेलं न्हाई. ट्रान्सफॉर्मर चुकीचा बसला व्हता, त्याच्यामुळं आवाज पडला व्हता. माझी चूक झाली."

गुरुजींनी मांडीवरून खाली ठेवलेल्या पाटीकडे बघितलं. "म्हंजे मी उगाच..." आणि ते हसायला लागले. डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले. "आन त्या डॉक्टरनं पिचकारी मारली ना मिस्तरी! लई दुखलं!"

दादाही हसले. मीही हसले. तिथेच ते संपलं असतं.

पण गुरुजी माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. जन्मभर पोरांना शिकवलेल्या माणसाला खरोखर काहीतरी समजून घ्यायचं होतं.

"मंग लेकरा, मीटरवर बराबर कसं काय आल्तं?"

मला उत्तर येत होतं. पूर्ण येत होतं, आकड्यांसकट. त्यांच्याच पाटीवर मी ते लिहून दाखवू शकले असते, आणि त्यांना ते आवडलं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझे हात गार पडले.

"मीटर खराब होतं गुरुजी," मी म्हणाले.

दादा हत्यारं पिशवीत भरत होते. मीटर त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी पिशवीत ठेवलं आणि वर पक्कड ठेवली.

"हां," ते म्हणाले. "खराबच हाय ते."

"मंग बदलून टाका मिस्तरी," गुरुजी काळजीने म्हणाले. "तुमच्यावाणी माणसाला खराब मीटर ठेवून कसं जमंल?"

परतताना एस.टी.त दादा खिडकीपाशी बसले. सुगी झालेल्या रानांकडे बघत राहिले. मी दोनदा तोंड उघडलं. परतूर आलं.

संक्रांतीला मी घरी आले, तेव्हा शेजारचा आडत्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून दादांना विचारत होता, "काय मिस्तरी, मीटर बदललं का न्हाई? गुरुजी तं पारावर सांगून राह्यले, बिचाऱ्याला मीटरनं फसवलं म्हणून."

"बदललं की," दादा म्हणाले.

काउंटरवर पिवळं, आकड्यांचं नवं मीटर होतं. त्याची आकड्यांची पट्टी अजून प्लॅस्टिकच्या कागदात होती. मी विचारलं, "जुनं कुठंय?"

"हाय खालच्या खणात. खराब हाय ना ते." दादा माझ्याकडे न बघता बोलले. त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं, मी खूप शोधलं.

ते चहा सांगायला गेले, तेव्हा मी खण उघडला. काळं मीटर तिथे फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. काउंटरवर एक सुटा स्पीकर पडलेला होता. त्याला आधी नवं मीटर लावलं, मग जुनं. दोन्हींनी एकच आकडा सांगितला. दादांची चाहूल लागली, तसं मी जुनं मीटर फडक्यात गुंडाळलं आणि खण लावून घेतला.